एकट्यानं बसायची जागा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ग्रंथपाल स्वतःशी म्हणत. पण ते काही खरं नव्हतं. राहून गेलं नव्हतं, रोज देता देता राहत होतं. सकाळचा चहा झाला की ते पत्र काढायचे, कोरा कागद पुढे ओढायचे, वर तारीख घालायचे आणि थांबायचे. दुसऱ्या दिवशी ती तारीख शिळी झालेली असे, म्हणून तो कागद फाडून नवा घ्यावा लागे.

विद्यापीठाच्या विद्यार्थी सहाय्य केंद्रानं 'पत्रसोबत' नावाचा उपक्रम सुरू केला होता. ज्या मुलांना समोरासमोर बोलायला जड जातं, त्यांनी नाव न घालता मनातलं लिहून केंद्राच्या पेटीत टाकायचं. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या कुणीतरी त्याला उत्तर लिहायचं, तेही नाव न घालता, पाकिटावर पत्राचा क्रमांक टाकून त्याच पेटीतून. कुणाचं पत्र कुणाकडे गेलं हे केंद्र चालवणाऱ्या बाईंनासुद्धा कळू नये अशी व्यवस्था होती. ग्रंथपालांचं नाव त्यात त्यांच्या बायकोनं परस्पर घातलं होतं. "बोलायचं नाही, भेटायचं नाही, नुसतं लिहायचंय," ती म्हणाली होती. "तुमचं माप घेऊनच शिवलीय ही योजना."

त्यांच्या वाट्याला आलेलं पत्र अगदी छोटं होतं. 'माझं पहिलं वर्ष आहे. इथे कुणाशी ओळख होत नाही. कँटीनमध्ये सगळे घोळक्यानं जेवतात. एकट्यानं कुठे बसलं तर विचित्र दिसणार नाही? हल्ली तिकडे जाणंच बंद झालंय, खोलीत बिस्किटांवर भागतं. असंच चाललं तर सत्र संपायच्या आत शिक्षण सोडून घरी जायचं ठरवलंय. कृपया सांगा, कुठे बसावं?'

दुसरा कुणी असता तर त्यानं आत्मविश्वास, जिद्द वगैरे चार शब्द पाठवून हात झटकले असते. ग्रंथपालांची पंचाईत अशी, की प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर त्यांना येत नव्हतं. त्यांनी सगळी नोकरी ग्रंथालयात काढली. पण जेवणाचा डबा ते कायम शब्दकोशांच्या कपाटामागे बसून खात आले. कँटीन त्यांनी फक्त बाहेरून पाहिलं होतं. आणि जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही तो वाचकाला द्यायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम.

"अहो, कुठे बसावं एवढंच विचारलंय ना पोरानं?" बायको म्हणाली. "काहीतरी लिहा आणि मोकळे व्हा."

"काहीतरी कसं लिहू? ते पोर खरंच जाऊन बसेल ना तिथे."

बायकोनं दुसरा चहा ठेवला.

तेव्हा एके दिवशी दुपारी ग्रंथपाल खिशात ग्रंथालयाची जुनी कोरी कार्डं घालून कँटीनमध्ये शिरले. प्रत्येक जागी एकट्यानं बसून जेवायचं, जागेचे गुणदोष कार्डावर टिपायचे आणि मग साधार उत्तर लिहायचं, असा बेत होता. पहिल्या काही दिवसांत काम झकास झालं. 'दाराजवळ: वारा चांगला. येणारा प्रत्येक जण आपल्याकडे पाहतो आणि आपण नको तो माणूस निघालो असा चेहरा करून पुढे जातो.' 'खांबामागे: आपण कुणालाही दिसत नाही. वाढप्यालाही नाही.' 'नळाजवळ: सर्वांची भेट होते, ओल्या हातांनी.'

पण पांढऱ्या केसांचा एक गंभीर गृहस्थ रोज वेगळ्या टेबलावर बसतो, सूप चाखतो आणि कार्डावर काहीतरी लिहितो, हे कँटीनच्या चालकाच्या नजरेतून सुटणार थोडंच! तो हात पुसत पुसत आला.

"साहेब, सूप ताजं आहे बरं का. अगदी आत्ता उतरवलंय."

"छान आहे," ग्रंथपाल म्हणाले आणि कार्डावर 'छताचा पंखा आवाज करतो' असं लिहिलं. चालकानं ते उलटं वाचलं. दुसऱ्या दिवशी पंख्याला तेल घातलेलं होतं.

तिथून पुढे संशोधनाचं मातेरं झालं. ग्रंथपाल ज्या दिशेनं निघत तिथलं टेबल आधी पुसलं जाई. डुगडुगणाऱ्या खुर्च्या नाहीशा झाल्या. एकदा तर ते कोपऱ्याकडे वळताच चालकानं तिथल्या चार मुलांना उठवलं. "उठा रे, उठा! तपासनीस साहेबांना बसायचंय."

ग्रंथपाल कानापर्यंत लाल झाले. "अहो, मी तपासनीस नाही."

चालक समजूतदारपणे हसला. "साहेब, कुठला तपासनीस सांगतो हो, मी तपासनीस आहे म्हणून?"

तर्क बिनतोड होता. ते निमूट बसले आणि सूप प्यायले. ते खरोखरच पूर्वीपेक्षा चांगलं झालं होतं, आणि पोरं हळूच म्हणायला लागली होती की म्हातारा रोज यावा.

इथवर ठीक होतं. पण त्या उठवलेल्या चार मुलांत विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. दाराएवढा उंच, आवाज मैदानाला साजेसा, आणि मन त्याहून मोठं. तो सहाय्य केंद्राचा 'सोबती' होता. एकट्या पडलेल्या मुलांशी आपण होऊन ओळख करून घ्यायची, हे या सोबत्यांचं काम. त्यांच्यासाठी केंद्राच्या बाईंनी एक पत्रक काढलं होतं, त्यात लक्षणं दिली होती: माणूस एकटा जेवतो, सारखी जागा बदलतो, नजर चुकवतो, ताटात अन्न तसंच ठेवतो, स्वतःशीच काहीतरी लिहीत बसतो. गोलकीपरनं उठता उठता ग्रंथपालांकडे पाहिलं, खिशातलं पत्रक काढून पाहिलं, पुन्हा ग्रंथपालांकडे पाहिलं. एकही लक्षण सुटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ताट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "आजोबा, इथे कुणी बसलंय का?"

ग्रंथपालांनी रिकाम्या खुर्चीकडे नीट पाहून खात्री करून घेतली. "नाही."

"मग मी बसतो. आज कसं वाटतंय तुम्हाला? शून्य ते दहा, किती?"

"कशाच्या संदर्भात?"

"असंच हो. एकूणात."

"संदर्भाशिवाय आकडा देणं बरोबर होणार नाही," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

गोलकीपरनं मान डोलावली. त्या संध्याकाळी त्यानं केंद्रात जाऊन सांगितलं, "बाई, आजोबा काही बोलत नाहीत. आत फार साठलंय."

केंद्राच्या बाई म्हणजे एक निराळंच प्रकरण होतं. विद्यापीठानं त्यांना जिन्याखालची एक खोली, एक टेबल आणि गळकी पाण्याची टाकी एवढंच दिलं होतं. त्या तेवढ्यावर सगळं विद्यापीठ सांभाळत. कुणाच्या परीक्षेची भीती, कुणाचं घरचं भांडण, कुणाचं नुसतंच न लागणारं मन. मुलं रडत आत जात आणि बाहेर येताना हातात बागेची झारी नाहीतर गाण्याच्या सरावाची वेळ घेऊन येत. बाईंचं म्हणणं, रिकाम्या माणसाला सल्ला देऊ नये, काम द्यावं.

"ग्रंथालयातले सर ना ते?" बाई म्हणाल्या. "निवृत्तीनंतर होतं असं. केंद्र काही फक्त मुलांचं नाही, एकट्या माणसाचं आहे. पाळ्या लावा."

पाळ्या लागल्या. ग्रंथपाल ज्या टेबलावर बसतील तिथे कुणी ना कुणी हसतमुखानं येऊन बसू लागलं. एकट्यानं बसायची जागा शोधायला आलेल्या माणसाला सगळ्या विद्यापीठात एकट्यानं बसायला जागा उरली नाही. त्यांनी एकदा धीर करून गोलकीपरला सांगितलंही, "मी एकटा नाहीये हो. खरंच नाही."

गोलकीपरचे डोळे भरून आले. पत्रकाची शेवटची ओळ त्याला पाठ होती: 'बहुतेक जण हे मान्य करत नाहीत.'

जेवणावर भागेना, तेव्हा उपक्रम सुरू झाले. ग्रंथपालांना बागेत रोपं लावायला नेलं. मातीची भांडी करायला बसवलं. त्यांनी केलेला पेला सगळ्यांना इतका आवडला की तो पेला आहे हे कुणाला सांगणं त्यांच्या जिवावर आलं. गायनमंडळात त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. ते नुसते ओठ हलवत. मंडळ चालवणारी मुलगी सर्वांदेखत म्हणाली, "आजोबांकडे बघा जरा. एकदाही बेसूर झाले नाहीत." कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं तर एखादं वाक्य लागतं, आणि ग्रंथपालांना ते नेहमी घरी पोचल्यावर सुचे.

तरी त्यांना त्या पोरांचा राग येईना. गोलकीपर सराव संपवून घामाघूम अवस्थेत धावत येई, कारण आजोबा एकटे जेवतील. ज्यांची परीक्षा डोक्यावर होती ती मुलंही पाळी चुकवत नव्हती. इतकी वर्षं आपण यांच्याकडे फक्त पुस्तकं परत मागितली, असं ग्रंथपालांच्या मनात येई.

मग घरी फोन आला. फोनवर केंद्राच्या बाई होत्या. बायकोनं ऐकता ऐकता पदर खोचला.

"काकू, रागावू नका, पण सर हल्ली कुणाशी बोलतात का?"

"हल्ली? अहो, लग्नाच्या दिवशीसुद्धा माझं नाव दुसऱ्यानं सांगितलं यांना!"

"तसं नव्हे. त्यांना फार एकटं वाटतं असं मुलांच्या लक्षात आलंय."

फोन ठेवून बायको खोलीत आली. "मी इथे जिवंत बसलेय आणि तुम्ही विद्यापीठभर एकटे म्हणून मिरवताय? लोक काय म्हणतील? मी काय तुम्हाला कोंडून ठेवते?"

"अगं, ते पत्राचं उत्तर..."

"अजून लिहिलं नाही?" बायको मटकन खाली बसली. तिचा राग एकदम उतरला आणि त्या जागी काळजी आली. "अहो, सत्र संपत आलं. पोर गेलं असेल नाहीतर जाईल की घरी."

ग्रंथपालांनी मान खाली घातली. हेच त्यांना रोज सूप पिताना वाटत होतं.

त्याच आठवड्यात फुटबॉलचे सामने सुरू झाले आणि गोलकीपरच्या जागी एक मुलगी आली. लहानशी, केस कानामागे घट्ट बांधलेली. तिनं "बसू का?" असं विचारलं असावं, ओठ हलले एवढं नक्की. ग्रंथपाल त्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावर होते. त्याला दोनच खुर्च्या होत्या. तिनं खिशातून पत्रक काढलं, वाचलं, घडी करून परत ठेवलं, आणि जेवायला लागली. जेवण संपेपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर माळी पाइप गुंडाळत होता, तो मात्र दोघांनी पूर्ण पाहिला. इतकं निवांत जेवण ग्रंथपालांना शब्दकोशांच्या मागेही लाभलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मुलगी ब्रेडचा तुकडा मोडत म्हणाली, "आजोबा, एक सांगू? मी खरं तर सोबती नाहीये. मला ते प्रश्न विचारायला जमत नाही."

"फार बरं झालं," ग्रंथपाल मनापासून म्हणाले.

ती हसली. "मी केंद्रात भांडायला गेले होते. म्हणजे भांडायचं ठरवून गेले, पण तिथे आवाजच फुटेना. बाईंनी पाणी दिलं. मग कसंबसं सांगितलं, की मी पेटीत पत्र टाकलं होतं, त्याला उत्तरच आलं नाही. बाई म्हणाल्या, ते कुणाकडे गेलं हे मलाही बघता येत नाही. तेवढ्यात गोलकीपरदादा आला. म्हणाला, उद्यापासून सामने आहेत, आजोबांजवळ कोण बसणार? बाईंनी माझ्याकडे बघितलं. झालं."

ग्रंथपालांचा चमचा सुपात बुडाला आणि तिथेच राहिला. "पत्रात... काय विचारलं होतंत?"

"काही नाही हो. एकट्यानं कुठे बसावं, एवढंच. पण दिलं नाही ना उत्तर! कुणीतरी ऐतखाऊ म्हातारा असणार. पेन्शन खायची आणि पत्र उशाखाली घालून घोरायचं."

ग्रंथपालांना ठसका लागला. मुलीनं पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "कदाचित त्याला सुचत नसेल."

"त्यात सुचायचंय काय? 'बस कुठेही' म्हणाला असता तरी चाललं असतं."

"पण कुठेही बसून चालत नाही!" ग्रंथपाल एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "खांबामागे वाढपी येत नाही. नळाजवळ अंगावर पाणी उडतं. दाराजवळ बसलं तर लोक तोंडाकडे बघून निराश होतात. मधल्या टेबलांवर तर विचारूच नका, तिथे एकटा माणूस म्हणजे लग्नात चुकून शिरल्यासारखा दिसतो!"

मुलगी बघतच राहिली. "तुम्हाला बरंच माहितीये."

"बसलोय सगळीकडे," ग्रंथपाल पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

"एकटेच?"

"सुरुवातीला एकटाच."

"मग त्या म्हाताऱ्यापेक्षा तुम्हालाच लिहायला हवं होतं पत्र," ती म्हणाली. "आता काय उपयोग. शनिवारी बाबा येतायत मला न्यायला. सामान बांधून झालंय."

"पण आता तर तुम्ही रोज इथे जेवता."

"ते काम आहे ना, आजोबा. ड्यूटीवर असलं की माणूस कुठेही बसतो. माझं मी बसणं वेगळं."

ग्रंथपालांना त्याच क्षणी सांगायचं होतं, की तो ऐतखाऊ म्हातारा मीच. वाक्य तयार होतं, घशापर्यंत आलंही. पण तेवढ्यात चालक येऊन "साहेब, सूप गार झालं का? बदलून देतो," म्हणाला, आणि ते वाक्य सुपाबरोबर परत गेलं.

घरी येऊन त्यांनी चपलाही न काढता कागद घेतला. कार्डं पुढे मांडली, थोडा वेळ पाहिली आणि बाजूला सारली. या वेळी तारीख घालायची ते विसरले, म्हणून की काय, पुढचं लिहून झालं. बायकोनं खांद्यावरून वाचलं:

'उत्तराला उशीर झाला, त्याची माफी मागायलाही लाज वाटते. कँटीनमधल्या सगळ्या जागांवर बसून पाहिलं. एकट्यानं बसावं अशी जागा तिथे नाही. असती तर मला सापडली असती. खिडकीजवळच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी असतो. दुसरीवर आपण आपल्या आपण येऊन बसलात, काम म्हणून नव्हे, तर मला बरं वाटेल. बोलायची सक्ती नाही. आपला, ऐतखाऊ म्हातारा.'

"नाव घालायचं नाही असा नियम आहे ना?" बायको म्हणाली.

"नाव कुठे घातलंय?"

बायकोनं पाकीट स्वतः चिकटवलं. "सकाळीच टाका. पुन्हा वाचू नका. वाचलंत की खोडाल."

शुक्रवारी सकाळी ते केंद्रापाशी पोचले तेव्हा बाई भिंतीवरच्या पेटीचं खालचं झाकण उघडून पत्रं काढत होत्या. "या सर! तुमच्याकडेच येणार होते," त्या म्हणाल्या. "मुलं सांगतायत, तुम्ही खूपच सुधारलात. काल जेवताना चक्क ओरडलात म्हणे! मग आता पुढच्या आठवड्यापासून तुमची सोबत बंद करू या का?"

ग्रंथपालांनी पाकीट घट्ट धरलं.

"अडचण एकच आहे," बाई पेटीत हात घालून पुढे म्हणाल्या. "ती पहिल्या वर्षाची मुलगी आत्ताच येऊन गेली. पुढच्या आठवड्यात आजोबांजवळ कोण आहे, विचारत होती. म्हटलं, अगं, तू तर उद्या चाललीस ना? तर म्हणाली, बाबांना फोन करून सांगितलंय, इतक्यात येऊ नका, इथे एका आजोबांची तब्येत जरा नाजूक आहे."

ग्रंथपाल भिंतीला टेकले. एवढा अभ्यास, एवढं सूप, आणि उत्तर पोचायच्या आधीच मुलीनं प्रश्न मागे घेतला होता. हातातलं पाकीट आता कुणाच्याच गरजेचं नव्हतं. ते खिशात घालून निघून जावं, हा विचार त्यांच्या इतका सवयीचा होता की हात अर्ध्या वाटेवर गेलाही.

"मग काय सर? बरे झालात ना?"

"नाही," ग्रंथपाल म्हणाले. नाही हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर सुचला होता. "अजून बराच एकटा आहे मी. चालू ठेवा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे पाहिलं, आणि गडबडीनं दुसरीकडे पाहिलं. "ठेवते की."

"आणि हे द्यायचं होतं."

"माझ्या हातात नको सर. नियम आहे. पेटीतूनच यायला हवं."

ग्रंथपालांनी चष्मा सारखा केला आणि पाकीट पेटीच्या वरच्या फटीत सरकवलं. खालचं झाकण उघडंच होतं. ते आतून सळसळत आलं आणि अलगद बाईंच्या तळहातावर पडलं.